फायब्रॉइडच्या गाठी दुर्बिणीतून काढाव्यात की पोट उघडून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या (गर्भपिशवीच्या) स्नायूत वाढणारी, कॅन्सर नसलेली गाठ. ओपीडीत तिचा सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर ठेवला की बहुतेक जणींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, दुर्बिणीने होईल ना?" जावेचं किंवा शेजारणीचं दुर्बिणीने झालेलं असतं आणि ती आठवड्याभरात हिंडायला-फिरायला लागलेली असते. मी दोन्ही प्रकारची ऑपरेशनं करते. पोटावरचा टाका केवढा, यापेक्षा गाठ काढल्यावर आत गर्भाशयाची भिंत कशी शिवली, हे मला कितीतरी महत्त्वाचं वाटतं. पोटावरचा टाका सगळ्यांना दिसतो, आतला कुणालाच दिसत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी विचारत नाही.

माझ्या पिशवीला ४ सेंमीची गाठ निघाली आहे. ऑपरेशन कधी करायचं?

कदाचित कधीच नाही. पोटाच्या दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि गाठ सापडली, पाळी व्यवस्थित आहे, दुखत नाही, तर अशा गाठीला हात लावायची गरज नसते. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा सोनोग्राफी करायची आणि ती वाढते का ते बघायचं. पाळी कायमची गेली की बहुतेक गाठी आपोआप आक्रसतात, कारण त्या इस्ट्रोजेनवर पोसलेल्या असतात. पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि त्रास नसलेल्या बाईला मी थांबायलाच सांगते.

ऑपरेशनचा विचार कधी? पाळीत इतकं अंगावरून जातं की हिमोग्लोबिन खाली येतं, रक्ताच्या गुठळ्या पडतात. गाठ लघवीच्या पिशवीवर दाबते आणि रात्री चार-चार वेळा उठावं लागतं. दिवस राहत नाहीत किंवा राहून पडतात आणि गाठ गर्भाशयाच्या पोकळीत शिरलेली आहे. किंवा गाठ झपाट्याने वाढते आहे.

गाठ काढली तरी पुन्हा होणार, मग पिशवीच काढून टाकलेली बरी नाही का?

हा प्रश्न सासूबाई विचारतात, नवरा विचारतो, कधी स्वतः बाईच विचारते. काही वेळा पिशवी काढणं हेच योग्य उत्तर असतं: मुलं झालेली आहेत, वय पंचेचाळिसच्या पुढे आहे, दहा-बारा गाठी आहेत, औषधं करून झाली आहेत. पण "कशाला ठेवायची आता?" हे काही वैद्यकीय कारण नव्हे. या बाबतीत आपल्या राज्याचा अनुभव फार वाईट आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांचा प्रश्न २०१९मध्ये गाजला, तेव्हा सरकारी समितीने केलेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत ऐन तिशीतल्या बायकाही होत्या. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३मध्ये अनावश्यक पिशवी काढण्याला आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वं अमलात आणायला सर्व राज्यांना सांगितलं.

म्हणून कुणी पहिल्याच भेटीत पिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. फार थोडे अपवाद सोडले तर फायब्रॉइडमध्ये आठवड्याभराने काही बिघडत नाही.

इथून पुढे पिशवी ठेवून फक्त गाठी काढण्याच्या ऑपरेशनबद्दल लिहिते आहे. त्याला मायोमेक्टॉमी म्हणतात.

गोळ्या-इंजेक्शनांनी गाठ विरघळत नाही का?

कायमची नाही. रक्तस्राव कमी करायला ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या आहेत. तांबीसारखीच दिसणारी पण हार्मोन सोडणारी वस्तू पिशवीत बसवता येते, मात्र गाठीमुळे पोकळीचा आकार बिघडलेला असेल तर ती निसटू शकते. ल्युप्रोलाइडसारख्या इंजेक्शनांनी दोन-तीन महिन्यांत गाठ लहान होते, पाळी थांबते आणि तेवढ्यात अंगात रक्त भरून घेता येतं. इंजेक्शन बंद केलं की ती पुन्हा वाढते. त्यामुळे ऑपरेशनची पूर्वतयारी म्हणून ते चांगलं आहे, उपाय म्हणून नाही. शिवाय सर्जनच्या दृष्टीने त्यात एक अडचण आहे. या इंजेक्शनांनंतर गाठ आणि तिच्या भोवतीचं आवरण यांमधली फट पुसट होते आणि गाठ सोलून काढायला कठीण जाते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

पूर्ण भूल देतात. बेंबीतून किंवा तिच्या थोडं वर १० मिमीचं छिद्र पाडून कार्बन डायऑक्साइड वायूने पोट फुगवतात, म्हणजे आत काम करायला जागा होते. त्या छिद्रातून कॅमेरा जातो. खाली दोन्ही बाजूंना साधारण ५ मिमीची आणखी दोन-तीन छिद्रं असतात, त्यांतून हत्यारं. टेबल डोक्याकडे उतरतं केलं जातं, म्हणजे आतडी वर सरकतात आणि गर्भाशय मोकळं दिसतं.

मग गाठीवरच्या भिंतीत व्हासोप्रेसिन नावाचं औषध खूप पातळ करून टोचतात. स्क्रीनवर हे बघण्यासारखं असतं: गुलाबी गर्भाशय डोळ्यांदेखत पांढरंफटक पडत जातं, कारण तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. हे औषध हृदयावर परिणाम करू शकतं, म्हणून टोचण्याआधी भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगायची पद्धत आहे. त्यानंतर भिंतीला चीर देतात. खाली मोत्यासारखी पांढरी, टणक गाठ दिसते. तिच्यात बूच काढायच्या स्क्रूसारखं हत्यार फिरवून घट्ट रोवतात, ओढून धरतात आणि भोवतीचं आवरण कडेकडेने सोडवत गाठ अख्खी बाहेर काढतात. ती निघाल्यावर उरते एक खोल खोबण. ती दोन किंवा तीन थरांत शिवायची.

खरी परीक्षा या शिवणकामाची आहे. लांब दांड्याच्या हत्यारांनी, स्क्रीनकडे बघत, खोबणीच्या तळापासून टाके घालायचे असतात. तळाशी पोकळी राहिली तर तिथे रक्त साचतं आणि भिंत कमजोर राहते. हल्ली काट्यांचा धागा मिळतो, त्याचे बारीक काटे आत रुतून राहतात, त्यामुळे प्रत्येक टाक्याला गाठ मारावी लागत नाही आणि काम सोपं झालं आहे. तरीही हे कसब वर्षानुवर्षांच्या सवयीने येतं.

आणि पोट उघडून?

सिझेरियनला देतात तसा आडवा छेद, साधारण ८ ते १२ सेंमीचा, ओटीपोटाच्या खालच्या घडीत. पिशवी पाच-सहा महिन्यांच्या गरोदरपणाएवढी वाढलेली असेल तर कधी उभा छेद लागतो. कमरेत भुलीचं इंजेक्शन देऊनही हे ऑपरेशन होऊ शकतं. गर्भाशय हातात येतं, त्याच्या मुळाशी रबरी नळी बांधून रक्तपुरवठा थोडा वेळ रोखता येतो, आणि मुख्य म्हणजे बोटांनी चाचपता येतं. भिंतीच्या आत लपलेली वाटाण्याएवढी गाठ कॅमेऱ्याला दिसत नाही, बोटांना लागते.

लंडनचे सर्जन व्हिक्टर बॉनी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात, जेव्हा गाठ म्हणजे पिशवी काढणं असंच समीकरण होतं, तेव्हा पिशवी वाचवण्याचा आग्रह धरला. त्यांनी एका गर्भाशयातून २२५ गाठी काढल्याची नोंद आहे. असं काम आजही पोट उघडूनच करावं लागेल.

नातेवाइकांना आम्ही गाठी ट्रेमध्ये दाखवतो. पुष्कळ जणांना वाटतं, आत पाणी किंवा पू असेल. मी एक गाठ कापून दाखवते. आत ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी आणि दोऱ्याच्या गुंडीसारखी वेटोळी असतात. बाईच्या हातात वर्षभर गोळ्यांची पाकिटं बघितलेल्या नवऱ्याला ते बघून कळतं, की हे गोळीने विरघळणारं नव्हतं.

माझ्यासाठी यातली कुठली पद्धत?

आधी गाठ कुठे आहे ते बघायचं.

गाठ पोकळीत डोकावत असेल, तर पोटावर छिद्रही नको आणि छेदही नको. योनिमार्गातून दुर्बीण घालून ती आतून खरवडून काढता येते आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येतं. पोकळीतल्या लहान गाठीसाठी कुणी पोट उघडायला सांगत असेल, तर कारण जरूर विचारा.

गाठ बाहेरच्या अंगाला किंवा भिंतीत असेल, एक-दोन-तीनच असतील आणि फार मोठ्या नसतील, तर दुर्बीण उत्तम. पुष्कळ सर्जन साधारण ८ ते १० सेंमी आणि तीन-चार गाठी अशी मर्यादा मानतात. ती सर्जनच्या हातावर अवलंबून असते, नियमावर नाही. गाठी पुष्कळ असतील, खूप मोठ्या असतील, गर्भाशयाच्या तोंडाजवळ किंवा रुंद बंधाच्या (गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) आत मूत्रवाहिनीला खेटून असतील, तर मी पोट उघडणं पसंत करते.

या दोहोंच्या मधला एक रस्ता आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मिनीलॅप, म्हणजे ४ ते ६ सेंमीचा छोटा छेद. बारीक अंगकाठीच्या बाईमध्ये पुढच्या भिंतीवरची गाठ यातून सुंदर निघते, शिवण हाताने घालता येते, आणि महागडी यंत्रं नसलेल्या तालुक्याच्या हॉस्पिटलातही हे होतं.

रोबोटबद्दलही विचारतात. रोबोटमुळे सर्जनला टाके घालणं सोपं जातं, खर्च बराच वाढतो. बाईच्या पदरात दुर्बिणीपेक्षा फार वेगळं काही पडत नाही.

दुखणं कशात कमी? घरी कधी जाता येईल?

इथे दुर्बीण नक्कीच सरस आहे. २०१४मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने ९ चाचण्यांमधल्या ८०८ महिलांची माहिती एकत्र तपासली. दुर्बिणीच्या गटात वेदना कमी, ताप कमी आणि हॉस्पिटलातला मुक्काम कमी असं दिसलं. गाठी पुन्हा होण्यात फरक आढळला नाही. सर्वसाधारणपणे दुर्बिणीनंतर एक-दोन दिवसांत आणि पोट उघडल्यावर तीन-चार दिवसांत घरी सोडतात. पूर्ववत कामाला लागायला अनुक्रमे दोन-तीन आणि चार-सहा आठवडे लागतात. दुर्बिणीनंतर आतडी आणि नळ्या एकमेकांना चिकटण्याचं प्रमाणही कमी असतं.

पण घरच्यांना मी एक गोष्ट मुद्दाम समोर बसवून सांगते. पोटावर टाके छोटे आहेत म्हणून गर्भाशयावरची जखम छोटी नसते. ती दोन्ही पद्धतींत सारखीच आहे. दुर्बिणीने ऑपरेशन झालेल्या सुनेला दहाव्या दिवशी पाण्याच्या कळशा उचलायला लावू नका.

दुर्बिणीनंतर खांदा दुखतो आणि बाया घाबरतात, "पोटाचं ऑपरेशन, मग खांदा का?" पोटात राहिलेल्या वायूमुळे छातीखालच्या पडद्याला चाळवल्यासारखं होतं आणि त्या पडद्याची आणि खांद्याची संवेदना एकाच नसेच्या वाटेने जाते. दोन-तीन दिवसांत थांबतं. उठून चाललं की लवकर थांबतं.

माझं हिमोग्लोबिन ७ आहे. लगेच ऑपरेशन करता येईल का?

तातडी नसेल तर करू नये. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये ५४ टक्के रक्तक्षयी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळलं. त्यात गाठीमुळे दर महिन्याला रक्त जाणार. या ऑपरेशनचा मोठा धोका रक्तस्राव हाच आहे. गाठ सोलताना अचानक रक्त जाऊ लागलं तर ११ हिमोग्लोबिनची बाई सहन करते, ७ची बाई नाही. शिरेतून लोहाचं इंजेक्शन देऊन आणि पाळी तात्पुरती थांबवून चार-सहा आठवड्यांत चांगला फरक पडतो.

संमतीपत्रात "वेळ पडल्यास गर्भाशय काढावे लागेल" असं वाक्य असतं. ते वाचून खूप जणी रडतात. अशी वेळ क्वचित येते. पण येऊ शकते, म्हणून ते लिहिलेलं असतं. आणि ती येऊ नये यासाठी सगळ्यात मोठी मदत म्हणजे आधी भरून घेतलेलं रक्त.

नारळाएवढी गाठ एवढ्याशा छिद्रातून बाहेर कशी येते?

तुकडे करून. त्यासाठी मॉर्सेलेटर नावाचं फिरतं पातं असतं, ते गाठीच्या लांबट सालपट्या काढत जातं. फायब्रॉइड म्हणजे कॅन्सर नव्हे, हे आधी स्पष्ट लक्षात घ्या. पण क्वचित एखादी गाठ फायब्रॉइडसारखी दिसते आणि प्रत्यक्षात सार्कोमा नावाचा कॅन्सर असते. ती पोटातच फिरत्या पात्याने कापली तर पेशी पोटभर विखुरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. फायब्रॉइड समजून ऑपरेशन होणाऱ्या सुमारे ३५० बायकांपैकी एकीत असा कॅन्सर असू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. २०२०मध्ये त्यांनी मॉर्सेलेटर वापरायचाच तर बंदिस्त पिशवीतच वापरा, असं सांगितलं. ही पिशवी म्हणजे गर्भाशय नव्हे, तर गाठ ठेवण्यासाठी पोटात सोडायची वेगळी थैली.

म्हणून सर्जनला विचारा: "गाठ बंदिस्त थैलीत घालून काढणार का?" या प्रश्नाचा राग यायचं काही कारण नाही. पाळी गेल्यानंतर वाढणारी किंवा एमआरआयमध्ये संशयास्पद दिसणारी गाठ असेल तर तुकडे करूच नयेत. आणि गाठ पॅथॉलॉजीला पाठवली का, रिपोर्ट काय आला, हे शेवटपर्यंत तपासा. ऑपरेशन नीट झालं म्हणून रिपोर्ट न आणलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडलं. डॉक्टर चुकले का?

नाही. रक्तस्राव आवरेना, आतडी चिकटलेली निघाली, गाठ वाटली त्यापेक्षा खोल निघाली, तर पोट उघडणं हाच शहाणपणा. हट्टाने दुर्बिणीतच रेटत राहणारा सर्जन मला नको वाटेल.

मला मूल हवं आहे. कुठली पद्धत चांगली?

दिवस राहण्याच्या बाबतीत दोन्हींत ठळक फरक दिसत नाही. फरक पडतो तो शिवणीने. गरोदरपणात किंवा कळांमध्ये जुन्या जागी गर्भाशय फाटण्याची भीती असते. प्रमाण शंभरात एकीपेक्षाही कमी आहे, पण झालं तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. दुर्बिणीत रक्त थांबवायला विजेचा फार वापर केला आणि टाके एकाच थरात घातले, तर भिंत पातळ राहते. म्हणून तुम्हाला मूल हवं असेल आणि गाठ खोल असेल, तर दुर्बिणीने टाके घालण्यात मुरलेला सर्जन शोधा. तसा जवळ नसेल तर पोट उघडून करून घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. पोटावरची रेघ दोन वर्षांत फिकट होते.

ऑपरेशननंतर साधारण तीन ते सहा महिने दिवस राहू देऊ नयेत. खोल गाठ काढली असेल किंवा पोकळी उघडली गेली असेल, तर कळा सुरू होण्याआधीच, बहुधा ३७-३८व्या आठवड्यात, सिझेरियन करतात.

खर्चाचं काय?

दुर्बिणीचा खर्च जास्त: यंत्रं, काट्यांचा धागा, पूर्ण भूल. मुक्काम कमी असल्याने थोडा भरून निघतो. सिव्हिल आणि मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलांत पोट उघडून गाठी काढण्याचा अनुभव दांडगा असतो, तो कमी लेखू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात. तुमच्या ऑपरेशनचं नेमकं नाव सांगून ते योजनेत बसतं का, हे दाखल होण्याआधी विचारून घ्या. पिशवी काढणं योजनेत बसतं म्हणून पिशवी काढून घ्यायची, असा उलटा हिशेब मात्र करू नका.

घरी आल्यावर कशाकडे लक्ष ठेवायचं?

दुर्बिणीनंतर दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते वाढू लागलं, पोट फुगलं, उलट्या होऊ लागल्या, तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघू नका. आतड्याला इजा झाली असेल तर ती अशीच उघडकीस येते. १०० फॅरनहाइटच्या वर ताप, घाण वासाचा स्राव, पोटरी सुजून दुखणं, दम लागणं, या सगळ्यांसाठी लगेच हॉस्पिटल गाठायचं. थोडंसं अंगावरून काही दिवस जातं, ते चालतं.

डिस्चार्ज कार्ड तर मिळालं. आणखी कुठला कागद मागायचा?

ऑपरेशनची सविस्तर नोंद. काही वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात एक मुलगी माझ्याकडे आली. लग्नाआधी दुसऱ्या गावात दुर्बिणीने गाठ काढलेली. हातात एका पानाचं कार्ड, त्यावर फक्त "मायोमेक्टॉमी" आणि तारीख. गाठ किती खोल होती, पोकळी उघडली होती का, टाके किती थरांत घातले, काहीच नाही. त्या हॉस्पिटलला फोन केला, जुने कागद सापडले नाहीत. तिला नॉर्मल बाळंतपणाची फार आस होती आणि कदाचित ते झालंही असतं. पण काहीच माहीत नसताना मला तो धोका पत्करता आला नाही. ३७व्या आठवड्यात सिझेरियन केलं, तेव्हा जुनी जखम गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला, बोटाच्या पेराएवढी आणि वरवरची निघाली.

त्या नोंदीची एक प्रत फाइलला लावा आणि एक फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा.